होडीला शीड लावायचं तर कोणतं? 'कौंडिण्य'ची बातमी, एक दांडा आणि मालवणचा वारा

२९ डिसेंबर २०२५ ला पोरबंदरहून एक जहाज निघालं आणि १४ जानेवारी २०२६ ला ओमानमधल्या मस्कतला पोहोचलं. एरवी ही बातमी झालीच नसती. पण या जहाजाला इंजिन नाही आणि त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. नाव 'आयएनएसव्ही कौंडिण्य'. बांधणी गोव्यात झाली, नौदलात दाखल झालं कारवारला, २१ मे २०२५ रोजी. आराखड्याचा आधार मात्र आपल्या महाराष्ट्रातला: अजिंठ्याच्या लेण्यांतलं पाचव्या शतकातलं जहाजाचं चित्र.

रील्स तुम्ही पाहिल्याच असतील. अभिमान वगैरे सगळं ठीक आहे. पण माझं गाव मालवण तालुक्यात, नोकरी पुण्यात, काम कोड लिहिण्याचं. त्यामुळे आमच्या घरच्या ग्रुपवर बातमीखाली लगेच वेगळाच प्रश्न आला: "आपल्या होडयेक शीड लावूक येयत काय रे?"

प्रश्न चेष्टेत विचारलेला होता, पण उत्तर गंभीरपणे देण्यासारखं आहे. मालवण, तारकर्ली, देवबाग, निवती या पट्ट्यातल्या बहुतेक छोट्या होड्या आज फायबरच्या आहेत आणि मागे आउटबोर्ड इंजिन आहे. इंजिन बंद पडलं की होडी म्हणजे चार्जिंग संपलेला फोन. दुसरी सोय म्हणजे वल्ही.

माझं उत्तर थोडक्यात असं: लावता येईल, पण एकाच प्रकारचं शीड. पाठीमागच्या वाऱ्यावर चालणारं, नाळेच्या पुढे काढलेल्या दांड्यावर बांधलेलं. ते का आणि त्यात धोका कुठे आहे, ते या लेखात पाहू.

सहावी-सातवीचा भूगोल आठवा

खारे वारे आणि मतलई वारे. परीक्षेत दोन मार्कांना येणारा फरक. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून जमिनीकडे वारा येतो. हा खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटेपर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई.

आता हे होडीच्या वेळापत्रकाशी जोडून बघा. पहाटे समुद्रात जायचं तेव्हा वारा पाठीशी. दुपारी घरी यायचं तेव्हाही वारा पाठीशी. इंजिनं येण्याआधी कोकणातल्या शिडाच्या मासेमारीचा दिवस याच तालावर चालायचा. गाबीत तांडेलांना यासाठी अॅपची गरज नव्हती.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. मालवणला दुपारचा वारा नेमका पश्चिमेकडून येतो असं नाही, हिवाळा-उन्हाळ्यात तो बहुतेक वेळा वायव्येकडून येतो. म्हणजे आचरा किंवा देवगडकडून मालवणला उतरताना तो पाठीशी असतो, पण निवती-वेंगुर्ल्याहून वर यायचं असेल तर तोंडावर. एकाच बंदराला, एकाच दुपारी, दोन होड्यांना दोन वेगळे वारे. शिडाचा कोणताही निर्णय इथून सुरू होतो.

पाठीमागचंच शीड का?

वाऱ्याच्या दिशेकडे तिरकं चढत जायचं असेल तर नुसतं शीड पुरत नाही. पाण्याखाली खोल कील किंवा मध्यफळी लागते, नाहीतर होडी पुढे जाण्याऐवजी आडवी सरकत राहते. आपल्या फायबर होड्यांना असं काही नसतं. त्या उथळ असतात, कारण त्या वाळूवर ओढायच्या असतात. त्यांना कील लावणं म्हणजे स्कूटरला ट्रॅक्टरचं चाक लावणं.

वारा पाठीमागून असेल तेव्हा मात्र आडवं सरकण्याचा प्रश्न जवळपास उरत नाही. जोर जिकडे, होडी तिकडे. म्हणून कील नसलेल्या होडीला उपयोगी पडणारं शीड हेच.

अशा शिडांचं आजचं रूप म्हणजे स्पिनेकर आणि गेनेकर. पातळ नायलॉनची, फुगणारी, रंगीत शिडं तुम्ही शर्यतींच्या व्हिडिओत पाहिली असतील. हलकं कापड एका चौरस मीटरला ४० ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे २० चौरस मीटरच्या शिडाचं कापड एक किलोच्याही आत. ते एका पिशवीत मावतं. आपल्या शेजारीच, गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या 'तारिणी'च्या शिडांच्या संचातही पाठवाऱ्याची शिडं आहेत. याच बोटीतून लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. यांनी २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली.

मग तो पुढचा दांडा कशाला?

या दांड्याला इंग्रजीत बाउस्प्रिट म्हणतात. होडीच्या नाळेपुढे, पाण्यावर, बाहेर आलेला दांडा. त्याची कामं दोन.

पहिलं काम, शिडाला मोकळी हवा देणं. होडीवर मधलं मोठं शीड असेल तर पाठवाऱ्यात पुढचं शीड त्याच्या आडोशाला जातं आणि लोंबकळतं. दांड्यामुळे ते पुढे सरकतं आणि आकारानेही मोठं करता येतं.

दुसरं काम, जोर पुढे नेणं. हातगाडी ढकलताना ती सारखी वाकडी जाते, दोरीने पुढून ओढली की सरळ येते. होडीचं तसंच. जोर मागे असेल तर लाटेवर ती आडवी फिरायला बघते, नाकाकडून असेल तर तुलनेने सरळ चालते. आपल्या फायबर होडीवर मधलं शीड नसतंच, त्यामुळे तिच्यासाठी हे दुसरं कामच महत्त्वाचं.

ही कल्पना परदेशातून आलेली आहे असं समजू नका. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यातल्या जहाजाला तीन डोलकाठ्या आहेत, त्यांवर उंच लांबट शिडं आहेत आणि नाळेच्या पुढे आणखी एक फुगलेलं शीड आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी या चित्रांच्या नकला करून घेतल्या, तेव्हा त्यांनीही तिथे बाउस्प्रिटसारखा दांडा असल्याची नोंद केली.

पुढे कोकणच्या फतेमारींनी हाच प्रश्न दोन्ही बाजूंनी सोडवला. डोलकाठीच पुढे झुकवली, तिरकं परबाण नाळेकडे नेलं आणि शिवाय पुढे दांडा काढून त्यावर छोटं तिकोनी शीड चढवलं. आंग्र्यांच्या आरमारातल्या गुराबांची नाळही भूमध्य समुद्रातल्या गॅलींसारखी लांब पुढे आलेली असे.

आजच्या छोट्या बोटींमध्ये हा दांडा परत आला तो आत-बाहेर सरकणाऱ्या रूपात. १९९१ मध्ये अमेरिकेत आलेल्या जे/१०५ या बोटीला सरकता कार्बन दांडा होता आणि त्यानंतर ही पद्धत पसरली. ऑलिंपिकमधली ४९ईआर ही बोट जेमतेम ५ मीटर लांब, पण दांड्यावरचं तिचं शीड साधारण ३८ चौरस मीटरचं. टोकियो ऑलिंपिकमध्ये के. सी. गणपती आणि वरुण ठक्कर यांनी भारताकडून हीच बोट चालवली होती.

अंगाला लागणारा वारा: इथे सगळे फसतात

आता थोडं गणित. घाबरू नका, बारावीच्याही खालचं आहे.

तुम्ही स्कूटरवर ताशी ४० ने चालला आहात आणि वाराही पाठीमागून ताशी ४० ने येतोय. तोंडाला काय लागतं? काहीच नाही. शिडालाही हाच नियम लागू. वारा ताशी २० किमी, होडी त्याच दिशेने ताशी ८, तर शिडाला जाणवतो फक्त १२. आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो.

२० चौरस मीटरचं शीड आणि जाणवणारा वारा १२ असेल तर ढकलणारा जोर साधारण १६ किलो निघतो. ऐकायला कमी वाटतं, पण एक टनाच्या आसपासची छोटी होडी ताशी ८ ने चालवायला तेवढा पुरतो.

आता झुळूक येऊ द्या. वारा २० चा ३५ झाला, म्हणजे पाऊणपटच वाढला. पण होडी अजून ८ वरच आहे, म्हणून जाणवणारा वारा १२ चा २७ झाला. वर्ग करा: जोर पाचपट. १६ किलोचे एकदम ८० किलो.

आणखी एक. वारा तोच २०, पण लाटेने होडी आडवी फिरली. आता वारा बाजूने लागतो आणि जाणवतो साडेएकवीसच्या आसपास. म्हणजे वारा वाढलेलाच नाही, तरी शिडावरचा दाब तिपटीहून जास्त, आणि तोही होडी कलंडवणाऱ्या दिशेने. पाठवाऱ्यावर समुद्र शांत, गोड वाटतो तो याच कारणामुळे, आणि अपघातही याच कारणामुळे होतात.

यातून दोन नियम निघतात. शिडाचा दोर कधीही गाठ मारून बांधायचा नाही, हातात किंवा एका झटक्यात सुटेल असा ठेवायचा. आणि सुरी हाताशी ठेवायची.

दांडा बसवताना गडबड कुठे होते?

युट्यूबवर 'अर्ध्या तासात बाउस्प्रिट' छापाचे व्हिडिओ मिळतील. पाइप आणला, दोन क्लॅम्प मारले, झालं. हिशोब करून बघू.

समजा दांडा नाळेपुढे १ मीटर आहे आणि झुळुकीत शीड त्याच्या टोकाला ६० किलोने वर ओढतंय. होडीच्या आत दांडा ६० सेंटिमीटरवर अडकवलाय. तरफेच्या नियमाने आतलं टोक १०० किलोने खाली दाबलं जातं आणि नाळेवरची कडी १६० किलोने वर उपटली जाते. टोकाला ६०, कडीला १६०. फायबरच्या पातळ थरात बाहेरून मारलेले स्क्रू इथे टिकत नाहीत. पहिल्या दिवशी टिकतात, हलून हलून भोकं मोठी होतात आणि एका दुपारी कडी सकट सगळं वर येतं.

यावर जुना, साधा उपाय आहे. दांड्याच्या टोकापासून खाली, नाळेच्या पाण्याजवळच्या भागापर्यंत एक ताणाचा दोर. वरची ओढ हा दोर घेतो. तो दांड्याशी ३० अंशांचा कोन करत असेल तर ६० किलोसाठी त्याच्यावर १२० किलोचा ताण येतो आणि दांडा स्वतः सुमारे १०४ किलोने मागे दाबला जातो. लाकूड, बांबू, अॅल्युमिनियम, सगळेच दाब सहन करायला वाकण्यापेक्षा जास्त तयार असतात.

म्हणून तपासायच्या गोष्टी या:

• खालचा ताणाचा दोर आहे का? त्याचा कोन १५ अंश झाला तर ताण जवळपास दुप्पट होतो, त्यामुळे तो जितका खालून येईल तितका बरा.
• खालची कडी आरपार नट-बोल्टने आणि आतून जाड पाटी लावून बसवली आहे का?
• दांडा आत सरकवता किंवा काढता येतो का? जेटीला लागताना पुढे आलेला दांडा शेजारच्या होडीच्या पोटात जातो.
• नांगराचा दोर त्यात अडकत नाही ना?

होडीतून प्रवासी नेत असाल तर एक जास्तीचा मुद्दा: अशा बदलानंतर होडीची तपासणी आणि परवाना हा महाराष्ट्र सागरी मंडळाचा विषय आहे. आधी विचारा, मग भोकं पाडा.

पेट्रोल किती वाचेल? खरं सांगतो

१६ किलोचा जोर, ताशी ८ किमी. याची शक्ती निघते साधारण ३५० वॉट. मिक्सरएवढी! अर्धा अश्वशक्ती म्हणा. पंख्यातला तोटा धरून इंजिनाला तेवढ्यासाठी एक अश्वशक्तीच्या आसपास लागेल, म्हणजे बचत तासाला अर्धा-एक लिटरची.

हे वाचून निराश व्हायचं कारण नाही, पण स्वप्नंही बघू नका. मासळी लिलावाला वेळेत पोहोचवायची असते तेव्हा होडी ताशी २० ने पळवावी लागते. तिथे २० च्या वाऱ्यात पाठवाऱ्याचं शीड शून्य मदत करतं, कारण होडी वाऱ्याच्याच वेगाने चाललेली असते आणि शिडाला काही जाणवतच नाही. 'शीड लावा, डिझेलमुक्त व्हा' असं कोणी पोस्टमध्ये लिहिलं तर हे गणित त्याला पाठवा.

'कौंडिण्य'चंही तेच. पोरबंदर ते मस्कत सरळ रेषेत साधारण ११५० किमी, लागले सोळा-सतरा दिवस. सरासरी ताशी ३ किमीच्या आसपास, माणसाच्या चालीपेक्षा कमी. शिवलेलं जहाज आजही अरबी समुद्र ओलांडू शकतं हे त्यांनी दाखवलं, आणि ते मोठंच काम आहे. वेगाचा दावा त्यात नव्हता.

हळू चालणाऱ्या मोठ्या जहाजांना मात्र वारा खरंच परवडतो. २०२३ मध्ये 'पिक्सिस ओशन' या मालवाहू जहाजावर साडेसदतीस मीटर उंचीचे दोन ताठ पंख बसवले गेले. सहा महिन्यांच्या चाचणीनंतर कारगिल कंपनीने दिवसाला सरासरी ३ टन इंधन वाचल्याचं सांगितलं. तिथे इंजिन बंद करत नाहीत, वारा त्याला हातभार लावतो. आपल्या होडीसाठीही योग्य नमुना हाच आहे.

मग फायदा कुठे?

माझ्या मते दोन ठिकाणी. एक म्हणजे पर्यटन. तारकर्लीच्या किनाऱ्यावर जेट-स्की आणि बनाना राइड भरपूर आहेत. इंजिन बंद करून, शिडावर, पाण्याचा आवाज ऐकत केलेली फेरी विकता येते आणि तिला वेग लागतच नाही.

दुसरं, आणि जास्त महत्त्वाचं, म्हणजे बंद पडलेलं इंजिन. दुपारी दोन वाजता, किनाऱ्यापासून ८ किमीवर, खारा वारा सुटलेला. पिशवीतलं १० चौरस मीटरचं शीड आणि एक दांडा असेल तर दोन तासांत तुम्ही किनाऱ्याजवळ असू शकता. वल्ह्यांनी हे करून बघा.

पण हे शीड म्हणजे एकेरी तिकीट आहे. ते वाऱ्याच्या दिशेने नेतं, परत आणत नाही. त्यामुळे:

• पहाटे मतलई वारा असताना इंजिन बंद पडलं तर हे शीड उभारायचं नाही. ते तुम्हाला ओमानच्या दिशेने नेईल, आणि तुमची होडी 'कौंडिण्य' नाही. नांगर टाका, मदत मागा, वारा फिरण्याची वाट बघा.
• दुपारी किनाऱ्याकडे येतानाही पुढे काय आहे ते बघा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती खडकांची रांग आहे. कील नसलेली होडी शिडावर खडकांपासून मागे वळू शकत नाही. म्हणून शीड आधीच उतरवा, शेवटचा टप्पा वल्ह्यांनी करा.
• जोराच्या वाऱ्यात आणि पावसाळ्यात हा प्रयोगच नको. इन्कॉइसचा लाटांचा इशारा असेल त्या दिवशीही नको.
• किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की मोबाईलची रेंज जाते. इस्रोने बनवलेले, रेंज नसताना संदेश पाठवणारे ट्रान्सपाँडर मासेमारी बोटींवर बसवण्याची योजना ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये सुरू झाली. शीड त्याची जागा घेत नाही.

तुमच्या फोनचं काम

या सगळ्यात मोबाईलवाल्या पिढीने काय करायचं? मोजायचं. वॉटरप्रूफ पाउचमध्ये फोन ठेवा, कोणत्याही साध्या जीपीएस अॅपवर फेरी रेकॉर्ड करा आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवा. एकदा वारा नेमका पाठीशी घेऊन जा, एकदा ३० अंश तिरके जा. तिरकं गेल्यावर अंतर साधारण १५ टक्के वाढतं, पण जाणवणारा वारा वाढल्याने वेग त्याहून जास्त वाढला तर तुम्ही लवकर पोहोचता. गूगल मॅप्स कधी कधी लांबचा रस्ता लवकरचा म्हणून दाखवतं ना, अगदी तसंच. तुमच्या होडीला कोणता कोन मानवतो हे फक्त तुमच्या नोंदी सांगतील.

दुसरं काम जास्त घाईचं आहे. शिडावर मासेमारी केलेली माणसं आता म्हातारी झालीत. कोणत्या महिन्यात कोणत्या खुणेपाशी वारा फिरतो, शीड केव्हा उतरवायचं, परबाण कशाचं करायचं, हे त्यांच्या डोक्यात आहे, कुठल्याही डेटाबेसमध्ये नाही. 'कौंडिण्य' बांधताना हीच अडचण होती. चित्र होतं, नकाशे नव्हते. त्यामुळे केरळच्या बाबू शंकरन यांच्यासारख्या कारागिरांची हातातली विद्या आणि आयआयटी मद्रासमधल्या चाचण्या एकत्र आणाव्या लागल्या.

आपल्याकडे अजून चित्रावर यायची वेळ आलेली नाही, माणसं आहेत. पुढच्या सुट्टीत गावी गेलात की फोनचा रेकॉर्डर सुरू करा, एखाद्या जुन्या तांडेलाच्या शेजारी बसा आणि पहिला प्रश्न विचारा: दुपारचा वारा नेमका कुठून येतो? दांड्याची लांबी त्यानंतर ठरवू.